चेहरा न दिसणारा नट कसा पाहावा : हारुओ नाकाजिमांच्या कारकिर्दीची एक वाट

पहिली सूचना: आवाज बंद करा.

गॉडझिलाची डरकाळी ही संगीतकार आकिरा इफुकुबे यांची करामत. डबल बेसच्या तारेवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून ती काढली आणि मग ध्वनिफितीचा वेग कमी केला. ती कानावर पडली की आपण ‘आला!’ म्हणून मोकळे होतो आणि डोळे आळशी होतात. पण त्या डरकाळीत रबराची कातडी चढवून गॉडझिला होणारे नाकाजिमा कुठेच नाहीत. चेहराही त्यांचा नाही, तो तेइझो तोशिमित्सु यांनी मातीत घडवलेला. शेपटी हलते ती वर बसून तारा ओढणाऱ्या मंडळींच्या हातांनी. मग नाकाजिमांचं म्हणून काय उरलं? चालणं, थांबणं, वळणं, पडणं, पडून उठणं. बारा चित्रपटांत गॉडझिला झालेल्या माणसाचा अभिनय एवढ्यातच शोधायचा आहे.

मी माहितीपटांचं संकलन करते. कापायला बसण्याआधी सगळं फुटेज एकदा मुक्यानं पाहायचं ही माझी धंद्यातली सवय. मुलाखतीतला माणूस काय बोलतो याच्या नादात तो हाताने काय करतोय हे निसटतं, म्हणून. कैजू चित्रपट, म्हणजे महाकाय प्राण्यांचे जपानी चित्रपट, मी आधी इतरांसारखेच पाहत होते, पडणाऱ्या इमारतींसाठी. सवयीने आवाज बंद केला आणि इमारतींमधून चालणारा माणूस दिसायला लागला. पुढचा क्रम माझा आहे. तो सालवार नाही आणि मुद्दामच नाही.

थोडी ओळख आधी. हारुओ नाकाजिमा यांचा जन्म १ जानेवारी १९२९चा, जपानच्या यामागाता प्रांतातल्या साकाता गावचा. युद्धानंतर ते तोहो कंपनीत कंत्राटी नट म्हणून लागले. नाव झळकणाऱ्यांतले नव्हेत. गर्दीत उभे राहणारे, घोड्यावरून पडणारे, तलवारीने मरणारे. १९५३ साली इशिरो होंडा यांच्या युद्धपटात त्यांनी पेटलेल्या वैमानिकाचा प्रसंग स्वतः अंगावर घेतला. त्या चित्रपटाची विशेष दृश्यं एइजी त्सुबुराया यांची होती. पुढच्याच वर्षी त्सुबुरायांना रबराच्या कातडीत शिरून तास न् तास उभा राहील असा माणूस हवा होता. पेटायला तयार झालेला माणूस त्यांच्या ओळखीचा होताच.

आधी डोळे बघा

सगळे सांगतात १९५४पासून सुरुवात करा. मी सांगते, ३१ जुलै १९६६ला प्रदर्शित झालेल्या ‘वॉर ऑफ द गार्गांटुआज’पासून करा. कारण साधं आहे: त्यात नाकाजिमांचे डोळे दिसतात.

या चित्रपटात दोन केसाळ महाकाय भाऊ आहेत. तपकिरी सांडा डोंगरात राहतो आणि माणसांना जपतो. हिरवा गाइरा समुद्रात राहतो आणि माणसं खातो. सांडाच्या कातडीत हिरोशी सेकिता आहेत, गाइराच्या कातडीत नाकाजिमा. मुखवट्यांना खोटे डोळे बसवलेले नाहीत, नटांचे खरे डोळे मोकळे ठेवले आहेत. गॉडझिलात काचेसारखा निर्जीव डोळा आणि मानेला पाडलेल्या भोकांतून बाहेर बघणारा माणूस, अशी विभागणी असते. इथे बघणारा आणि दिसणारा एकच.

हानेदा विमानतळाचा प्रसंग लावा. गाइरा धावत येतो. हो, धावत. गॉडझिलाच्या मानाने ही कातडी हलकी होती, त्यामुळे नाकाजिमांना पहिल्यांदा अंग मोकळं सोडता आलं. खांदे वर चढलेले, कोपरे बाहेर, डोकं पुढे. तो इमारतीतून एका बाईला उचलतो, चावतो आणि तिचे कपडे थुंकून टाकतो. तेवढ्यात ढग सरतात, ऊन पडतं आणि गाइराला उजेड सोसत नाही. हा क्षण थांबवून पाहा. डोळे आधी बारीक होतात, मग हात वर येतो, मग धड वळतं. अंगाच्याही आधी नजर पळून गेलेली असते. लहान मुलांचा चित्रपट म्हणून ज्याची बोळवण होते, त्यात हे आहे.

आता त्याच चित्रपटातला सांडा बघा. सेकितांचा सांडा छाती उघडी ठेवून उभा राहतो, वळायला वेळ घेतो. दोघांच्या मारामारीत कातडीचा रंग विसरलात तरी कोण कोण आहे ते ओळखू येतं. येत नसेल तर ती मारामारी पुन्हा लावा, कारण पुढचं सगळं या ओळखीवर उभं आहे. हे दोघे भाऊ गॉडझिलापेक्षा उंचीने लहान कल्पिले आहेत, गाइरा २५ मीटर, सांडा ३०. त्यामुळे आजूबाजूची शहरं मोठ्या प्रमाणात बांधली गेली, त्यांत बारकावे जास्त आले, आणि माणूस त्या शहरात अधिक खरा वाटतो. हा फायदाही लक्षात ठेवा, नाहीतर सगळं श्रेय एकट्या नटाला देऊन बसाल.

मग १९५४

आता ३ नोव्हेंबर १९५४चा पहिला ‘गॉडझिला’. आधी एक इशारा. टेकडीमागून डोकं वर काढणारा गॉडझिला म्हणजे हातात घालायची बाहुली आहे. डोक्याचे काही जवळचे शॉटही बाहुलीचेच. पायांचे जवळचे शॉट आणखी मजेशीर. पहिली कातडी इतकी जड आणि ताठ निघाली की चाचणीत नाकाजिमा जेमतेम दहा मीटर चालले. त्यांच्या जोडीने ही भूमिका करणारे कात्सुमी तेझुका तीनच मीटर. मग दुसरी कातडी केली आणि पहिली अर्धी कापून तिचा खालचा भाग पायांच्या शॉटसाठी वापरला. म्हणजे नुसते पाय दिसतात तिथे तुम्ही एक विजार पाहत असता. तुमच्या कामाचा शॉट एकच, ज्यात डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण आकृती चौकटीत आहे.

अशा शॉटमध्ये पाऊल बघा. भूमिका मिळाल्यावर नाकाजिमा उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन प्राणी न्याहाळत बसत, हे त्यांनी मुलाखतींत पुष्कळदा सांगितलं आहे. हत्तीकडून त्यांनी एक गोष्ट उचलली: हत्ती चालताना तळवा दाखवत नाही. गॉडझिलाचं पाऊलही टाच उचलून, बोटांवर तोल देत पुढे पडत नाही, जमिनीलगत सरकतं. आपण माणसं चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर पडत असतो आणि स्वतःला सावरत असतो. गॉडझिला पडत नाही. वजन आधी एका पायावर पूर्ण बसतं, मगच दुसरा निघतो. तुम्हाला वाटेल, एवढ्या जड रबरात दुसरं काय करणार? पण मग पुढच्या वर्षांत त्याच जातीच्या कातडीत इतर लोक कसे चालले ते बघा. त्याची जागा पुढे येईल.

गिंझामधल्या हात्तोरी घड्याळाच्या मनोऱ्याचा प्रसंग नीट पाहा. ठोके पडतात, गॉडझिला वळतो, बघतो आणि मग मोडतो. वळणं आणि मोडणं यांच्या मधला थांबा माझ्या लेखी या चित्रपटातला सर्वांत चांगला अभिनय आहे. तिथे मी एक चौकटही कापली नसती. संसद भवनाच्या वेळी तो अशी वाट पाहत नाही, सरळ आत शिरतो.

याच चित्रपटात एका छोट्या भूमिकेत नाकाजिमा उघड्या चेहऱ्यानेही आहेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ‘सेव्हन सामुराई’तही ते आहेत. टेहळणीला आलेले दरोडेखोर आठवतात? अबोल तलवारबाज क्युझो झाडाखाली शांत बसलेला असतो आणि क्षणात दोघांना संपवतो. त्या मरणाऱ्यांपैकी एक नाकाजिमा. एका वर्षात इतका स्वस्त मृत्यू आणि मग अख्खं टोकियो पायाखाली. स्टुडिओच्या हजेरीपुस्तकात दोन्ही एकसारखेच कामाचे दिवस.

वेगाचं गणित समजून घ्या

थोडं तांत्रिक सांगते, कारण यावाचून त्यांच्या मेहनतीचा अंदाज येत नाही.

लहान प्रतिकृती मोठी वाटावी म्हणून कॅमेरा जास्त वेगाने फिरवतात. पडद्यावर चित्र सेकंदाला २४ चौकटींनीच चालतं, मग हालचाल संथ होते आणि संथ हालचाल आपल्याला अवजड वाटते. गॉडझिलासाठीची शहरं साधारण १:२५ प्रमाणात बांधलेली होती. पडणाऱ्या वस्तूंच्या गणिताप्रमाणे अशा वेळी कॅमेऱ्याचा वेग पंचविसाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे पाचपट लागतो. प्रत्यक्षात शॉट बघून वेग ठरत असे. पण नटासाठी अर्थ एकच. पडद्यावर जे पाऊल धीरगंभीर दिसतं ते सेटवर झपाट्याने टाकावं लागतं. म्हणजे अंगावर रबराचा ढिगारा, तापलेले दिवे, कातडीच्या आत ६० अंश सेल्सियसपर्यंत चढणारी उष्णता, आणि हालचाल मात्र नेहमीपेक्षा चपळ. जास्त वेगाने चित्रण करायचं तर उजेडही जास्त लागतो, म्हणजे आणखी दिवे आणि आणखी उष्णता. ‘जडपणा’ हा कातडीने फुकट दिलेला गुण नव्हता. जड कातडीशी झगडून चपळाईने वावरायचं आणि कॅमेऱ्याने पुन्हा जड करायचं, असा हा उलटसुलट व्यवहार होता.

याची उलट बाजू १९५५च्या ‘गॉडझिला रेड्स अगेन’मध्ये दिसते. ओसाकात गॉडझिला आणि काटेरी पाठीचा अँगुइरस लढतात आणि काही ठिकाणी दोघे अचानक मांजरांसारखे झटापट करतात. तिथे चुकून कॅमेरा संथ फिरला होता. त्सुबुरायांना तो परिणाम आवडला आणि त्यांनी ठेवून दिला. मला नाही आवडत. पण शिकायला उत्तम, कारण कॅमेऱ्याचा बुरखा निघाला की कातडीतला माणूस किती घाईत असतो ते उघडं पडतं.

मारामारी आणि थट्टा

११ ऑगस्ट १९६२चा ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ हा पहिला रंगीत आणि रुंद पडद्यावरचा गॉडझिला. काँग झाले शोइची हिरोसे. जपानमध्ये तेव्हा कुस्तीगीर रिकिदोझान आणि दूरदर्शनवरच्या कुस्त्यांनी लोक वेडावले होते. त्सुबुरायांनाही पोरांना हसू येईल असं काहीतरी हवं होतं. मारामारीच्या चाली नाकाजिमा आणि हिरोसे यांनी मिळून बसवल्या. आवाज बंद करून बघितलं तर चाली कुस्तीच्याच आहेत: शेपटीचा फटका, ढकलणं, अंगावर दगड भिरकावणं, गॉडझिलाच्या तोंडात झाड कोंबणं. मधेच तो पंजे फडफडवून मिरवतोही, आखाड्यात प्रेक्षकांकडे पाहावं तसा.

हा चित्रपट लोकांना आवडतो. मला त्यातला काँगचा मुखवटा बघवत नाही. पण पडण्याचा अभ्यास करायचा तर हाच लावा. नाकाजिमा मागे पडतात तेव्हा आधी शेपटी टेकते आणि मग पाठ. शेपटीवर भार घेऊन पडणं ही कातडीबरोबर जगून आलेली युक्ती आहे.

१९६५च्या ‘इन्व्हेजन ऑफ ॲस्ट्रो-मॉन्स्टर’मध्ये परग्रहावर तीन डोक्यांच्या किंग घिदोराला पळवून लावल्यावर गॉडझिला उड्या मारत नाचतो. हात-पाय वाकडे करून मारलेली ही उडी म्हणजे फुजिओ आकात्सुका यांच्या ‘ओसोमात्सु-कुन’ या व्यंगचित्रमालिकेतल्या इयामीची तेव्हा घराघरांत पोचलेली नक्कल. ती घालावी असं सुचवलं याच चित्रपटातले नट योशिओ त्सुचिया यांनी. गंभीर प्रकृतीचे चाहते या नाचावर अजून दात-ओठ खातात. माझं म्हणणं असं: नाच वाईट असेल, पण नाचणारा किती अचूक आहे ते पाहा. तेवढ्या वजनासह दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात आणि उतरताना तोल ढळत नाही. पुढच्याच वर्षीच्या, एबिरा या राक्षसी कोळंबीवाल्या चित्रपटात गॉडझिला तारुण्यपटांचा नायक युझो कायामा याच्या लकबीने नाकाखाली बोट घासतो. तीही थट्टाच, आणि तीही नेमकी.

थट्टेपेक्षा कठीण काम मात्र १९६४च्या डिसेंबरात आलेल्या घिदोराच्या पहिल्या चित्रपटात आहे. महाकाय पतंग मॉथ्राची अळी गॉडझिला आणि उडता रोडान यांची समजूत घालते की आपण तिघे मिळून घिदोराशी लढू. दोघे नकार देतात. संवाद अर्थात मॉथ्राच्या चिमुकल्या जुळ्या बहिणींच्या दुभाष्यातून कळतो. पण आवाज बंदच ठेवा. तोंड फिरवणं, पाठ दाखवणं, पुन्हा वळून बघणं, एवढ्यावर त्यांनी हट्टीपणा उभा केला आहे. मला दुभाष्या लागल्या नाहीत.

सर्वांत चांगलं दीड मिनिट

१९६४चा एप्रिल, ‘मॉथ्रा विरुद्ध गॉडझिला’. वादळानंतरची समुद्र हटवून केलेली सपाट जमीन. बातमीदार उभे आहेत, काही घडत नाही आहे. मग मातीतून शेपटी वर येते. नुसती शेपटी. मग माती फुगते आणि पाठमोरा गॉडझिला उठतो. पूर्ण उभा राहिल्यावर तो अंग झटकतो आणि धूळ उडते.

हे झटकणं पुन्हा पुन्हा पाहा. डोक्यापासून सुरू होतं, खांद्यांतून खाली उतरतं, कमरेपाशी मावळतं. सगळं अंग एकदम हललं असतं तर कातडी हललेली दिसली असती. इथे एक एक भाग जागा होतो, म्हणून आत हाडं आहेत असं वाटतं. या वेळची कातडी अंगाबरोबर बेताची बसलेली होती आणि चेहऱ्याचे ओठ जरा लटपटतात. त्या लटपटत्या ओठांनीही माझ्या मते मदतच केली आहे. पुढे नागोयाच्या किल्ल्यापाशी तो अडखळतो आणि तोल जाऊन किल्ल्यावरच कोसळतो. हिंसा कमी, अवघडलेपणा जास्त. मोठ्या अंगाच्या प्राण्याला शहरात जागा पुरत नाही, एवढंच. सगळ्या कारकिर्दीतला एकच चित्रपट बघायला वेळ असेल तर हा बघा आणि बाकी वाचू नका.

इतर कातड्या, भरभर

गॉडझिलाखेरीज त्यांनी जे केलं त्याची यादी लांब आहे. सगळं पाहायची गरज नाही.

१९५६चा ‘रोडान’ जरूर पाहा. पंखांचा उडता प्राणी, म्हणजे तारांनी टांगलेला माणूस. सैकाई पुलाच्या प्रसंगाचं चित्रण सुरू असताना टांगणी दगा देऊन नाकाजिमा खाली पाण्यात पडले. १९५७च्या ‘द मिस्टेरियन्स’मधला यंत्रमानव मोगेरा हा लोखंडी डबा, तिथे अभिनयाला वाव नाही. ‘वरान’ (१९५८) कृष्णधवल आणि कंटाळवाणा. पण वरानच्या पोटाखाली स्फोट होतो तिथे थांबा, त्या शॉटमध्ये नाकाजिमा खरोखर भाजले होते. १९६१च्या मॉथ्राच्या लांबलचक अळीत एका वेळी अनेक माणसं होती, त्यांपैकी ते एक. त्यांना वेगळं काढता येत नाही, मी प्रयत्न सोडला.

१९६५च्या ‘फ्रँकेनस्टाइन विरुद्ध बारागोन’मध्ये बारागोन ते आहेत. समोर फ्रँकेनस्टाइन झालेले कोजी फुरुहाता कातडीविना, नुसत्या रंगभूषेत. उघड्या अंगाच्या नटासमोर झाकलेला नट किती मोठ्या हालचाली करतो हे मोजायला ही जोडी चांगली. १९७०च्या ‘स्पेस अमीबा’तला गेझोरा हा उभा चालणारा माखळी-प्राणी. त्याला खांदे नाहीत, मान नाही, म्हणजे नाकाजिमांची सगळी हत्यारं काढून घेतलेली. तरी तो सोंडा ओढत चालतो तेव्हा सरकतं पाऊल ओळखीचं वाटतं.

डोळ्याची परीक्षा

आता आलो त्या जागेवर. १६ डिसेंबर १९६७चा ‘सन ऑफ गॉडझिला’ लावा. दिग्दर्शक जुन फुकुदा. पिल्लू मिनिलासमोर बाप थोराड दिसावा म्हणून यातली कातडी मोठी केली आणि ती नाकाजिमांच्या मापाची राहिली नाही. त्यामुळे बहुतेक प्रसंगांत आत सेइजी ओनाका किंवा हिरोशी सेकिता आहेत. नाकाजिमा थोडक्याच ठिकाणी, जुन्या कातडीत.

करायचं असं. एका खिडकीत हा चित्रपट, दुसऱ्या खिडकीत १९६४चा मॉथ्रावाला. दोन्हींत गॉडझिला सरळ कॅमेऱ्याकडे चालत येतो असा शॉट शोधा. चेहऱ्यावर हात धरा, कारण नवा चेहरा इतका बेडकासारखा आहे की तो लक्ष खातो. फक्त कंबर आणि पाय बघा. १९६७च्या बापाचे गुडघे उचलले जातात, धड सरळ राहतं, वळताना पूर्ण आकृती एकदम वळते. नाकाजिमांचा गॉडझिला वळताना आधी डोकं, मग खांदे, मग कंबर, आणि शेपटी शेवटी येते. ओनाका-सेकिता वाईट आहेत असं नाही. सेकितांचा सांडा तुम्ही पाहिलाच आहे. पण तोच प्राणी दुसऱ्या माणसाने चालवला की तो दुसरा प्राणी होतो. चाहत्यांच्या वादात ‘कातडी वेगळी म्हणून तसं दिसतं’ असं ठरलेलं उत्तर येतं. त्यांना हे दोन शॉट शेजारी लावून दाखवा.

ही परीक्षा झाली की १९६९चा ‘ऑल मॉन्स्टर्स अटॅक’ गमतीचा होतो. त्यात जुन्या चित्रपटांचे तुकडे वापरले आहेत, एबिराचे आणि ‘सन’चेही. म्हणजे एकाच लढाईत आतला माणूस बदलत राहतो आणि कापणाऱ्याने तो सांधा लपवायचा प्रयत्न केला आहे. माझ्यासारखीला तो सांधा शोधण्यात चित्रपटापेक्षा जास्त रस.

१९६७च्याच जुलैमध्ये आलेल्या ‘किंग काँग एस्केप्स’मध्ये नाकाजिमा चक्क काँग आहेत. १९६२ साली ज्याला लोळवत होते त्याचीच कातडी. इथे त्यांना शेपटी नाही, हे आधी लक्षात घ्या. पडताना टेकायला मागे काहीच नाही, म्हणून पडणं बदलतं. ते खांद्यावर पडतात आणि लोळतात. समोर यांत्रिक काँग, आत पुन्हा सेकिता. टोकियो टॉवरवरची चढाई सगळे पाहतात. मी तुम्हाला त्याऐवजी डायनोसॉरशी झालेली झुंज सुचवेन.

छोट्या पडद्यावर

१९६६ साली त्सुबुरायांच्या स्वतःच्या कंपनीने दूरदर्शन मालिका सुरू केल्या, आधी ‘अल्ट्रा क्यू’, मग ‘अल्ट्रामॅन’. पैसा बेताचा, म्हणून तोहोकडच्या कातड्या उसन्या आणून शिंगं, केस, खवले चिकटवायचे. ‘अल्ट्रा क्यू’तला गोमेस म्हणजे वेश बदललेला गॉडझिला आणि आत नाकाजिमा. ‘अल्ट्रामॅन’च्या दहाव्या भागातला जिरास म्हणजे गळ्यात झालर घातलेला गॉडझिला आणि आत पुन्हा तेच. अल्ट्रामॅन झालेले बिन फुरुया त्याची झालर उपटतात आणि बैलझुंजीतल्या लाल कापडासारखी ती हलवून त्याला खेळवतात. झालर निघाली की समोर उभा राहतो तो निखळ गॉडझिला, दुसऱ्या कंपनीच्या मालिकेत. तिसऱ्या भागातला नेरोंगाही नाकाजिमांचा. हे भाग पंचवीसेक मिनिटांचे असतात, जेवताना होऊन जातात.

शेवटचे दोन

२५ जानेवारी १९७०ला त्सुबुराया गेले. तोहोचा खर्च आटत होता आणि ते कातड्यांवर दिसतं. १९७१च्या ‘गॉडझिला विरुद्ध हेदोरा’त गॉडझिला तोंडातल्या ज्वाळेच्या जोरावर उलटा उडतो. तो भाग बाहुलीचा आहे, नाकाजिमांवर राग काढू नका. त्यांचं काम आहे ते प्रदूषणाच्या गाळात रुतत, एका डोळ्याला इजा घेऊन लढणं. समोरच्या हेदोरात शिरलेला तरुण नट केन्गो नाकायामा. हे नाव लक्षात ठेवा.

१२ मार्च १९७२चा ‘गॉडझिला विरुद्ध गिगान’ हा नाकाजिमांचा शेवटचा गॉडझिला. कातडी १९६८ची, चार वर्षं वापरलेली. लढता लढता तिचे तुकडे गळताना दिसतात. जोडीला जुन्या चित्रपटांमधलं फुटेजही बेधडक घुसवलं आहे, त्यामुळे पस्तिशीतले नाकाजिमा आणि त्रेचाळिशीचे नाकाजिमा एकाच लढाईत येतात. इथे तुमच्या डोळ्याला सांधे आपोआप दिसायला हवेत. चित्रपट म्हणून हा टाकाऊ आहे. मी तो दोनदा पाहायला सांगते, कारण गिगानच्या आतही नाकायामाच आहेत. त्यांनीच पुढे केनपाचिरो सात्सुमा हे नाव घेतलं आणि १९८४ ते १९९५ या काळातल्या सातही चित्रपटांत गॉडझिला केला. जाणारा गॉडझिला आणि येणारा गॉडझिला एका चौकटीत मारामारी करत आहेत, आणि त्या दिवशी सेटवर कुणालाच ते ठाऊक नाही.

तोहोने कंत्राटी नट ठेवणं बंद केलं तेव्हा नाकाजिमांना कंपनीच्याच बोलिंग केंद्रात काम देण्यात आलं. १९७३च्या ‘सबमर्शन ऑफ जपान’मध्ये ते पंतप्रधानांचे वाहनचालक म्हणून दिसतात, चेहरा उघडा. पुढे अमेरिकेतल्या मेळाव्यांत त्यांना चाहत्यांनी डोक्यावर घेतलं. ७ ऑगस्ट २०१७ला, ८८व्या वर्षी, न्यूमोनियाने ते गेले.

प्रती निवडताना एवढं बघा: शक्यतो जपानी आवृत्ती. पहिल्या चित्रपटाच्या १९५६च्या अमेरिकी आवृत्तीत रेमंड बर यांचे नव्याने घेतलेले प्रसंग घातले आहेत आणि त्यासाठी मूळचं बरंच कापलं आहे. १९५५च्या चित्रपटाची अमेरिकी आवृत्तीही टाळा. १९६२चा चित्रपटही तिकडे गेल्यावर बराच फेरफार करून दाखवला गेला. आवाज बंदच ठेवायचा असल्यामुळे डबिंगची चिंता करू नका, उपशीर्षकंही लावू नका, ती नेमकी पायांवर येतात. आणि १९७२ नंतर पुढे जायचं असेल तर १९७३, १९७४, १९७५ या तीन वर्षांत तीन वेगळी माणसं आत होती: शिंजी ताकागी, इसाओ झुशी, तोरु कावाई. तिन्हींचा एक एक चालण्याचा शॉट काढा, १९६४च्या मॉथ्रावाल्या शॉटशेजारी लावा, मगच सात्सुमांच्या १९८४ला हात घाला.